पाहुण्यांचा पुडा

आमच्या घरी आलेला पाहुणा किल्ला न बघता परत गेला, असं माझ्या आठवणीत तरी कधी झालं नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढाच्या एका बोळात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढची खोली पाहुण्यांची आणि मागची आमची, अशी न बोलता झालेली वाटणी होती. नाना, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शनीवर येऊन कचेरीत शिपाई म्हणून लागले होते, आणि आमचं मूळ गाव रहिमतपूरच्या बाजूचं. मग गावात कुणाची कोर्टाची तारीख असो, कुणाला डोळे दाखवायचे असोत, की कुणाला नुसतंच बायकोशी भांडून चार दिवस घराबाहेर काढायचे असोत, पिशवी घेऊन माणूस थेट आमच्या दारात हजर. येताना कुणी वाघ्या घेवडा आणायचा, कुणी आल्याचे गड्डे, कुणी गुळाची ढेप. आई म्हणायची, "घर न्हाई ही, धर्मशाळा हाय," आणि म्हणता म्हणता परातीत पीठ काढायला लागायची. पहाटे बोळाच्या तोंडाशी नळाला पाणी यायचं, हंडे-कळश्यांचा खणखणाट सुरू व्हायचा, त्यात नानांच्या पलटणीच्या बुटांचा आवाज मिसळायचा, आणि पुढच्या खोलीतल्या पाहुण्याच्या अंगावरची वाकळ ओढली जायची. "पाव्हणं, उठा. ऊन चढायच्या आत वर पोचायचं हाय."

नानांना सातारा दाखवायचं वेड होतं. दुसरा शब्दच नाही. तारखेला आलेला माणूस वकिलाकडे जायचं म्हणून घाई करायचा, तर नाना म्हणायचे, वकील कुठं पळून जात नाही. सकाळी किल्ला, वरची तळी, मंगळाईचं देऊळ. उतरल्यावर भाकरी आणि घेवड्याची आमटी. दुपारी राजवाडा, मंगळवार तळं. उन्हं कलली की चार भिंती. चार भिंतींशी बसलं की सगळं गाव पायाशी दिसायचं, आणि एकेका पेठेत दिवे लागायला सुरुवात झाली की नाना बोटानं दाखवायचे, ही आपली पेठ, तो पोवई नाका, त्या अंगाला माहुली. जणू सगळ्या गावाला त्यांनीच काडी ओढून दिवे लावले होते. इतिहास त्यांना शाळेत कुणी शिकवला नव्हता. जे ऐकलं होतं त्यात ते पाहुण्याच्या तोंडाकडे बघून भर घालायचे. पाहुणा भाबडा असला तर एका राणीच्या तीन व्हायच्या. मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, या फौजेच्या शेपटाला चालायचो. नाना काही ठोकून द्यायला लागले की आक्का माझा हात दाबायची आणि खरं काय ते हळूच माझ्या कानात सांगायची. माझा अर्धा इतिहास मी असा कानात शिकले आहे. अजूनही किल्ल्याची वाट चढताना उजव्या कानाशी तो आवाज यावा म्हणून मी थोडी रेंगाळते. या वयात दम लागतो, असं बरोबरच्यांना वाटतं, वाटू दे.

या सगळ्या फेरीचा शेवट पेढ्यांनी व्हायचा. कंदी पेढे. राजवाड्याजवळ एका हलवायाचं काळपट फळ्यांचं दुकान होतं. आत मोठ्या कढईत खवा भाजला जात असायचा, आणि त्या खमंग वासानं वाटेवरच पाय जड व्हायचे. पळसाच्या पानावर पेढे रचून, वर कागद गुंडाळून, दोऱ्यानं करकचून बांधलेला पुडा नाना पाहुण्याच्या हातात ठेवायचे. तो पुडा म्हणजे आमच्या घरचा निरोप होता. पुडा मिळाला की पाहुणा जायला मोकळा, आणि पुडा मिळाला नाही तर जायचं नाव काढायचं नाही. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण आमचा गोतावळा ती पक्की पाळायचा. एखादा पाहुणा आईला आवडला, म्हणजे उदाहरणार्थ तिची धाकटी बहीण आली, की आई मला हळूच म्हणायची, "मंगे, नानांना सांग, दुकानाला फळ्या हायेत, आज बंद हाय." नानांना सगळं कळायचं. ते गंभीर तोंड करून मावशीला सांगायचे, "आज पेढं न्हाईत, आता कसं जातीस?" आणि मावशी डोळे पुसत पिशवी पुन्हा खुंटीला लावायची. आता पेढे हायवेवर मिळतात. गुळगुळीत खोक्यातून, गाडीत बसल्या बसल्या. गावात पाऊलही न टाकता माणसं साताऱ्याचे पेढे घेऊन जातात. यात कुणाचा दोष नाही, पण मला मेलं ते बघवत नाही.

आक्का मॅट्रिक झाली तो उन्हाळा. तिचं नाव सुमन, पण मी सोडून सगळे तिला 'लंबे' म्हणायचे, कारण ती आमच्या पेठेतल्या पुष्कळ पुरुषांपेक्षा उंच होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणापासून ती मागच्या दाराच्या पायरीवर खडे ओळीनं मांडून त्यांना शिकवायची, आणि त्या खड्यांतला सर्वांत मठ्ठ खडा म्हणजे मी. साताऱ्यातच मास्तरिणींच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागणार होता, आणि नानांनी शब्द दिला होता, "शीक. तुला कुनी अडवनार न्हाई." अशात आमच्या मामांनी स्थळ आणलं. मामा साताऱ्यातच राहायचे आणि दुसऱ्यांची लग्नं जमवणं हा त्यांचा जुना छंद. मुलगा सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला, घर कवठे महांकाळकडचं, माणसं कष्टाळू. मामांना एकदम नाही म्हणणं म्हणजे आईचं माहेर तोडणं. नानांनी मधला मार्ग काढला. आक्काला बसवून म्हणाले, "बघून जाऊ देत. चा-पोहे देऊ, गाव दाखवू, गोडीनं वाटं लावू. मागनं कळवू, पोरीला शिकायचं हाय म्हनून." आक्का हसली. त्या रात्री ती मला कुशीत घेऊन झोपली आणि मला अगदी निर्धास्त वाटलं. आक्का जाणार नव्हती. माझ्या जगाला तेवढंच पुरेसं होतं.

सांगलीची माणसं सकाळी आली. मुलगा आणि त्याची आई, पुढे मामा. मुलाचं नाव आनंदा. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि नखांच्या कडांतून हळदीचा पिवळा रंग कायमचा बसलेला. येताना त्यांनी भडंगाची भलीमोठी पिशवी आणली होती. लसणाचा आणि तिखटाचा तो वास पुढच्या खोलीत भरला तेव्हा मी निम्मी तिकडे फितूर झाले. मुलाची आई ठसठशीत कुंकवाची, उन्हानं रापलेली. आल्या आल्या तिनं आईच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, अर्धा प्याली आणि उरलेलं पाणी सांडू न देता तुळशीला नेऊन घातलं. आमच्याकडे उरलं पाणी मोरीत फेकायची सवय. आईनं ते पाहिलं आणि तिला ही बाई आवडली. तसं ती मला नंतर म्हणालीसुद्धा. पोहे झाले, आक्कानं मान खाली घालून नाव सांगितलं, मामांनी दोन्ही बाजूंचं कौतुक केलं, आणि आता सगळं संपलं असं वाटत असतानाच नाना उठून बूट घालायला लागले.

"चला, किल्ला बघून येऊ."

आई आतून बाहेर आली. "आवं, पोरगी बघायला आल्यात ती. किल्ला बघायला न्हाई."

"किल्ला न बघता सातारा सोडायचा? लोक काय म्हनतील?"

मुलाची आई पदर खोचून उभी राहिली. "चला की. वर देवी हाय म्हनं. तवर पाया पडून येऊ."

मामांनी पहिल्याच वळणावर एका दगडावर बैठक मारली आणि परत येताना मला गोळा करा म्हणाले. मुलाची आई मात्र अनवाणी, नानांच्याही पुढे. रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला तो चढ म्हणजे काय! वर पोचल्यावर ती तळ्याच्या काठाशी थांबली आणि पुढे हलेचना. काठावर बसून तिनं हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. "आवं दादा, एवढं पानी! आन् ते बी डोंगराच्या डोक्यावर!" आमच्याकडे पाऊस पडला तर भांड्याकुंड्यांत धरून ठेवतो, असं ती सांगत होती, आणि नानांना असा ऐकणारा-बोलणारा पाहुणा कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. ते तिला घेऊन एकेक तळं दाखवत लांब गेले. मंगळाईच्या देवळापाशी आम्ही तिघंच उरलो. आक्का, मी आणि तो.

आक्कानं माझा हात घट्ट धरला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. मुलीनं असं बघायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं.

"तुमांला एक सांगायचं हाय. राग नका मानू. मला आता लगीन करायचं न्हाई. मला शिकायचं हाय, मास्तरीण व्हायचं हाय."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "बरं."

"नानांनी नकार कळवला तर मामांना लागंल. आई आन् मामा बोलायचं बंद हुतील."

"मग मी कळवतो की. तुमच्या घराला बोल न्हाई लागायचा."

"काय म्हनून कळवाल?"

त्यानं आक्काकडे मान वर करून बघितलं. खरंच वर करावी लागली. "म्हनंन, पोरगी उंच हाय. आमची जोडी लोकं हसत्याल. खोटं कुठं हाय त्यात?"

आक्काला हसू आलं, तिनं पदर तोंडाशी नेला. तो मला म्हणाला, "बाय, तुला भडंग आवडला का? जाताना सगळी पिशवी तुलाच." आणि एवढं बोलून तो आईला हाक मारायला निघूनही गेला. ना रुसवा, ना 'का' म्हणून विचारणं. उतरताना नानांनी वाटेत एका राणीच्या चार केल्या, तरी तिनं माझा हात दाबला नाही.

दुपारी जेवणं झाली, राजवाडा झाला, तळं झालं. संध्याकाळच्या सांगलीच्या गाडीला पोचवायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो, आई तेवढी घरी राहिली. नानांचा चेहरा फुलला होता. पण मनातून नकार द्यायचा होता म्हणून त्यांना त्या माणसांसमोर ओशाळल्यासारखं होत होतं, आणि ते भरून काढायला त्यांनी हलवायाकडून नेहमीच्या दुप्पट पुडा बांधून घेतला होता. गाडी फलाटाला लागली. नाना पुढे झाले आणि रोजच्या सवयीनं, पाहुण्याला निरोप द्यावा तसा, त्यांनी तो पुडा मुलाच्या आईपुढे धरला. तिनं तो हातात घेतलाच नाही. तिनं पदर पसरला आणि पुडा ओटीत घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला.

"घेतला बगा दादा. लय मोठ्या मनाचा मानूस तुमी. आमच्याकडं पोरीच्या बापानं सवता गोड ओटीत घातलं की शबुद झाला."

मामा आनंदानं ओरडलेच, "जमलं! जमलं म्हनायचं!" नानांचं तोंड उघडं राहिलं. ते काहीतरी म्हणायला गेले, पण तोवर त्या माउलीनं कनवटीची डबी काढली होती, दोरा दातानं तोडून पुडा सोडला होता, आणि कुंकवाचं बोट उभारून ती आक्कासमोर उभी होती. आजूबाजूचे उतारू कौतुकानं थांबले. मुलगा पुढे आला. "आये, थांब जरा," म्हणाला. आणि त्यानं आक्काकडे बघितलं. तो तिच्या मानेच्या हालचालीची वाट बघत होता, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला कळत होतं. तिनं नुसती नकाराची मान हलवली असती, तर तो तिथल्या तिथं सगळा वाईटपणा स्वतःच्या अंगावर घेणार होता. मी मनातल्या मनात देवीला साकडं घातलं, आक्काला मान हलवू दे.

त्या बाईचं बोट आक्काच्या कपाळाला पोचत नव्हतं. आक्कानं तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि गुडघ्यात थोडं वाकून मान खाली केली. कुंकू लागलं. पेढा तोंडात गेला. कंडक्टरनं घंटी मारली. भडंगाची पिशवी खिडकीतून माझ्या हातात आली आणि मी ती तिथंच टाकून मोठ्यानं रडायला लागले.

नाना त्या रात्री जेवले नाहीत. "उद्या सकाळी सांगलीला जातो, त्यांच्या पाया पडतो. चूक माझी. शिकिवतो म्हनलो आन् मीच तुला पुड्यात बांधून दिली." आक्का त्यांच्याजवळ बसली. "नाना, मी मान वाकिवली. कुनी धरून वाकिवली न्हाई." किल्ल्यावर काय बोलणं झालं तेही तिनं सांगितलं. नानांनी ते ऐकलं, पण पोर आपल्याला सावरायला गोष्ट रचते आहे, असंच त्यांनी धरलं. राणीच्या चार करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं खरंही खोटं वाटणारच. मला मात्र तिनं अंथरुणात जे सांगितलं ते मी जन्मभर जपलं. म्हणाली, "मंगे, माझं 'न्हाई' कुनी इतकं सरळ ऐकून घेतलं न्हवतं गं. त्येला 'व्हय' म्हनायला मला भ्या वाटलं न्हाई." ती पुढे मास्तरीण झाली. सांगलीतच, पोरगा रांगायला लागल्यावर. दाजींनी त्याला पाठीवर घेऊन हळदीच्या पोत्यांत सांभाळला; तो पोरगा वर्षभर पिवळा दिसायचा. लग्नाच्या फोटोत दाजी विटेवर उभे आहेत. वीट दिसू नये म्हणून आक्कानं शालूचा घोळ पुढे ओढून धरलाय, तरी कोपरा दिसतोच.

म्हणजे तिचं वाईट झालं नाही. उलट चांगलंच झालं. पण तिचं चांगलं झाल्यानं माझी रिकामी बाजू भरली नाही. पायरीवरचे खडे मी कितीतरी दिवस तसेच ओळीत ठेवले. पाहुणे येत राहिले, नाना किल्ल्यावर नेत राहिले, शेपटाला मी एकटी. नाना ठोकून द्यायचे आणि माझा हात कुणी दाबायचं नाही. कृष्णेच्या काठाची वांगी, गणपतीचं देऊळ, हरिपूरच्या वाटेवरची चिंचेची झाडं, हे सगळं सांगलीला गेल्यावर आक्कानं मला हौसेनं दाखवलं. बापाची लेक शोभली. मी बघितलं आणि मला सारखं वाटत राहिलं, हिनं मला गाव दाखवावं, म्हणजे मी हिच्या घरची पाहुणी झाले.

आणि नाना? आक्का माहेरी यायची, राहायची, परत निघायची. पण नानांनी तिला कधीही पेढ्यांचा पुडा दिला नाही. सगळ्या जगाला दिला, हिला नाही. स्टँडवर रिकाम्या हातांनी उभे राहायचे आणि गाडी सुटताना दुसरीकडे बघायचे. सासरी तिला चिडवायचे, साताऱ्याची पोरगी आणि पेढे नाहीत? ती म्हणायची, "आमच्या नानांनी मला अजून वाटं लावलंच न्हाई." हे ती हसत सांगायची. मी ऐकताना कधी हसू शकले नाही.

नाना अंथरुणाला खिळले तेव्हा आई नव्हती. मी साताऱ्यातच दिलेली, म्हणून मीच त्यांचं बघत होते. आक्का येऊन राहिली होती, शाळेची रजा संपत आली होती, दुपारच्या गाडीनं तिला निघायचं होतं. सकाळी नानांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "पेढं आन. पुडा बांधून आन." आक्काला आजवर न दिलेला पुडा आज कशाला, असं मी विचारणार होते. पण नानांचा शब्द. मी राजवाड्याजवळ गेले, हलवायाच्या मुलाकडून पुडा बांधून घेतला, आणि येऊन त्यांच्या उशाशी ठेवला. आक्का पिशवी भरत होती. पुडा दिसला तशी ती जागच्या जागी थांबली.

"नाना, मी न्हाई घ्यायची. मी पाव्हणी न्हाई."

नानांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. श्वास लागत होता, तरी एकेक शब्द नीट बोलले.

"लंबे, तुला कुठं देतोय? माझ्या हातात दे. सगळं गाव बघून झालं माझं. आता मीच पाव्हणा."

आक्का खाली वाकली, पुडा उचलला, आणि उशापासून लांबच्या फळीवर, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवला.

"आज दुकान बंद हाय, नाना," ती म्हणाली. "आता कसं जाताय?"

आणि तिनं आपली भरलेली पिशवी पुन्हा खुंटीला लावली.